पुरातलं लग्न

पाणी ओसरून बरेच दिवस झाले होते, तरी भिंगरीच्या घरातला चिखल काही संपत नव्हता. सकाळी खरवडून बाहेर टाकावा, तर दुपारी कोपऱ्यातून पुन्हा ओल फुटायची. पत्र्याचा तुकडा घेऊन ती भिंत खरवडत होती, मध्येच उठून चुलीत फुंकर घालत होती, चूल पेटते न पेटते तोच अंगणातल्या गाद्या उलटायला धावत होती. तिचं खरं नाव वेगळंच, पण लग्न होऊन आली त्याच वर्षी शेजाऱ्यांनी तिची भिंगरी करून टाकली ती कायमची. एका जागी बसेल तर शपथ! आणि आता तर काय, सगळं गावच भिंगरी झालं होतं. घरात बसावं तर चिखल दिसायचा, म्हणून बाहेर यायचं. बाहेर यावं तर शेत दिसायचं, म्हणून पुन्हा आत जायचं. धड झोप नाही, धड काम नाही, नुसती जिवाची तगमग.

दारं पाणी पिऊन अशी फुगली होती की कोणाचंच दार लागत नव्हतं. या घरातलं भांडण त्या घरात आणि त्या घरातला खोकला या घरात. त्यामुळे भिंगरीनं आपल्या लेकीला हाक मारली ती अख्ख्या गल्लीनं ऐकली.

"खारे! ए खारे! खाली उतर आधी!"

"आई, पत्रा हलतोय. खिळा दे, म्हणजे ठोकून टाकते," वरून उत्तर आलं.

"बाबा ठोकतील."

"बाबा शेतातून येतील तेव्हा त्यांच्यात ठोकायचं त्राण कुठे असतं?"

मुलगी चौदा वर्षांची, नववीतली. झाडावर चढण्यात एवढी पटाईत की लहानपणापासून तिला सगळे खारूताई म्हणायचे. आता ताई गळून नुसती खार उरली होती. पाणी शिरलं त्या दिवशी हिनंच शेळीची दोन्ही करडं काखेत मारून छप्पर गाठलं आणि वरून ओरडून शेजाऱ्यांना जागं केलं. शाळा तिची बंदच होती, कारण शाळेच्या वर्गांमध्ये घरं वाहून गेलेली माणसं राहत होती. फळ्याला दोरी बांधून कोणाकोणाचे लंगोट वाळत होते. खार रोज एक फेरी मारून यायची आणि रोज तेच विचारायची, "शाळा कधी उघडणार गं?" जणू काही शाळेची किल्ली आईच्या कमरेला आहे!

भिंगरीचा नवरा काकडीवाला म्हणून ओळखला जायचा. नदीकाठची त्याची जमीन म्हणजे लोणी. तिथली काकडी बाजारात आली की बायका दुसऱ्या कोणाच्या टोपलीकडे बघायच्या नाहीत. त्या जमिनीवर नदीनं जाता जाता गुडघाभर वाळू पसरून ठेवली होती. काकडीवाला फावडं नि घमेलं घेऊन सकाळी जायचा आणि अंधार पडता परत यायचा. दिवसभर उपसून एक चादर अंथरता येईल एवढी माती उघडी पडायची, आणि रात्री वारा सुटला की तीवर पुन्हा वाळूची साय धरायची. लागवडीचे दिवस तोंडावर आले होते. ते हुकले की वर्ष गेलं. माणूस मुळातच कमी बोलणारा, आता तर तोंडाला कुलूपच लावलं होतं त्यानं.

अशा वेळी वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे काकडीवाल्याची मोठी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायच्या, शिवणकाम करायच्या. त्यांचं घर उंचावर, त्यामुळे पाणी उंबऱ्याला टेकून मागे फिरलं होतं. मदत म्हणून बाहेरून आलेल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे त्यांच्याच ओटीवर पडलेले असायचे. फाटकं तुटकं शिवून त्या लोकांना वाटत होत्या. बाई कामाला वाघ, बोलायला फटकळ, आणि सगळ्या गावाची खबर ठेवणारी. आल्या आल्या त्यांनी पदरानं घाम पुसला आणि बसायला जागा शोधली. जागा नव्हती. मग उलट्या घमेल्यावर बसल्या.

"भिंगरी, तो पत्रा ठेव खाली. कामाचं बोलायला आलेय. ट्रॅक्टरवाला तुमच्या शेतातली वाळू काढून द्यायला तयार आहे. सगळी."

भिंगरीचा हात थांबला. ट्रॅक्टरवाल्याकडे पुढे पातं लावलेला ट्रॅक्टर होता. आसपासच्या वस्त्यांमध्ये तेवढा एकच. त्याच्या दारात लोक रांगा लावून बसत होते, आणि ज्याच्या हातात रोकड त्याचं शेत आधी.

"आम्हाला कुठलं परवडायला, वन्सं?"

"परवडायचा प्रश्नच नाही. त्याच्या धाकट्या भावाचं बघताहेत. खार त्यांना पसंत आहे."

भिंगरीला आधी कळलंच नाही. खारीला कशाला पसंत करायचं? ती काय शेळी आहे? मग कळलं.

"वन्सं, अहो, ती नववीत आहे!"

"मी कधी म्हटलं दहावीत आहे म्हणून? ऐक. वाईट घर नाही. मुलगा सरळ आहे, दारू नाही, तंबाखू नाही. तिकडं पक्कं घर आहे, कोरडं! पोरगी सुखात पडेल, इकडचं एक खाणारं तोंड कमी होईल, आणि शेत मोकळं होईल. शिवाय पुराचं निमित्त आहे तोवरच उरकून घ्यावं. नंतर जेवणावळी, मानपान, देणंघेणं, सगळं आलं. आता कोणी काही विचारणार आहे का?"

इथे मला जरा थांबून सांगितलं पाहिजे. त्या गावात एक चाल होती. पूर आला की त्या वर्षीच्या लग्नांना पुरातली लग्नं म्हणायचे. पुरातल्या लग्नात जेवण मागायचं नाही, रुसायचं नाही, वराकडच्यांनी काही मागायचं नाही, उलट मुलीच्या बापाला घर उभं करायला हात द्यायचा. ऐकायला किती गोड! पहिल्यांदा ज्या शहाण्यांनी ही रीत घातली त्यांना बिचाऱ्या बापांचा कळवळा आला असेल. पण झालं काय, की पूर आला रे आला की ज्याच्या त्याच्या घरात मुलींची वयं एकदम वाढायला लागली. परवापर्यंत दोरीवरच्या उड्या मारणारी पोर आज लग्नाची झाली. मागच्या मोठ्या पुरात त्या एका गावात इतकी लग्नं लागली की लोक विनोदानं म्हणत, नदीनं गोठ्यातली जनावरं नेली आणि घरातल्या पोरी. आणि हसत! तेच तर मला सहन होत नाही, की हसत.

"कायद्यात बसत नाही, वन्सं," भिंगरी पुटपुटली.

"कायदा पोहत येणार आहे का इथं?" वन्सं उठल्या. "माझं नाही का झालं पुरात? मेले का मी?"

संध्याकाळी भिंगरीनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हात धूत होता. त्या हातांना हात म्हणायचं एवढंच, नुसते फोड. बराच वेळ तो पाणी ओततच राहिला.

"बघू," तो म्हणाला.

वीस वर्षांच्या संसारात भिंगरीला एवढं समजलं होतं की या माणसाचं बघू म्हणजे हो. त्याला नाही म्हणायचं असलं की तो ते तोंडानं म्हणायचा नाही, उठून गोठ्यात जायचा. आज तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन शेतावर गेली. ऊन वाळूवर पडून डोळ्यांत घुसत होतं. नवरा मधोमध वाकलेला, आणि चहूकडे वाळूच वाळू, त्यात वाहून आलेले ओंडके, कोणाची तरी खाट, एक मेलेलं वासरू. तिनं त्याचं वाकलेलं अंग बघितलं आणि तिच्या मनानं हाय खाल्ली. परतताना ती वन्संच्या ओटीवर गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "त्यांना हो सांगा." खोटं कशाला बोलू? ती हो म्हणाली. कोणी तिच्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. आणि म्हणूनच ही गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण अशा घरांमध्ये सुरी कोणालाच धरावी लागत नाही.

ठरलं ते असं: अर्धं शेत आधी मोकळं करायचं, अर्धं लग्नानंतर. ट्रॅक्टरवाला व्यवहारी माणूस. सगळं आधी करून दिलं आणि मुलीकडचे फिरले, तर?

ट्रॅक्टर आला त्या सकाळी सगळं घर शेतावर होतं. खारीला अजून काही सांगितलेलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता राहूनच गेलं होतं. ती वाळूच्या ढिगावर उभी राहून हातवारे करत होती. ट्रॅक्टर धाकटा भाऊच चालवत होता. अंगापिंडानं थोराड, तिशीच्या घरातला, तोंडावर रुमाल बांधलेला. त्यानं ब्रेक लावला आणि रुमाल खाली ओढून म्हणाला, "ए बाळा, बाजूला हो बघू, लागेल तुला. जा, आईकडून प्यायला पाणी घेऊन ये."

"मी बाळ नाहीये," खार तिथूनच म्हणाली. "आणि तुम्ही नीट चालवा! तिकडे आमची विहिरीची मोटर गाडली गेलीय. पातं लागलं ना तर बाबा ओरडतील."

"बरं बाई, बरं," तो हसला.

बांधावर उभा असलेला ट्रॅक्टरवाला पोट धरधरून हसायला लागला. "अरे येड्या, बाळा काय म्हणतोस? हीच ती!"

सगळेच हसले. मजूर हसले, शेजारचा हसला, वन्संसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. धाकट्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं रुमाल पुन्हा तोंडावर ओढला आणि ट्रॅक्टर चालू केला. हसली नाही ती फक्त भिंगरी. तिच्या डोक्यात एकच शब्द घुमत राहिला. त्या माणसानं समोर बघितलं, आणि जे दिसलं त्यालाच हाक मारली होती. बाळा. चूक त्याची नव्हतीच. त्या दिवशी त्या शेतात एकट्या त्यालाच बरोबर दिसलं होतं, तेही कोणी दुरुस्त करेपर्यंत.

खार धावत आली. "आई, हीच ती म्हणजे काय गं?"

"त्यांना पाणी दे आधी," भिंगरी म्हणाली. आणि तोंड फिरवलं.

दुपारी गोठ्याच्या आडोशाला बसून तिनं लेकीला सांगितलं. तिला वाटलं होतं, पोरगी आकांत करेल, भांडेल, झाडावर जाऊन बसेल आणि उतरायची नाही. तसं काही झालं नाही. खार करडाच्या कानात अडकलेले काटे काढत होती, ते काढतच राहिली.

"मग शाळा?"

"घालतील ते तिकडे." हे भिंगरीला कोणीही सांगितलेलं नव्हतं.

"बाबांचं सगळं शेत मोकळं होईल?"

"होईल."

"मग बाबांना फावडं मारावं लागणार नाही."

"नाही."

"मग ठीक आहे," खार म्हणाली.

हे ऐकून भिंगरीच्या काळजाचं पाणी झालं. पोरीनं हातपाय आपटले असते तर आईला रागावता आलं असतं, समजावता आलं असतं, वाटलंच तर एक धपाटा घालता आला असता. ठीक आहे या शब्दांवर काय करायचं? रात्रभर ती कूस बदलत राहिली आणि पहाटे उठून कालच घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली.

अर्धं शेत मोकळं झालं. काळी माती वर आली, ओली, तुकतुकीत. मधून सरळ रेघ आखल्यासारखी हद्द पडली होती. इकडे काळं, तिकडे पांढरं. काकडीवाल्यानं त्या मातीची मूठ भरून वास घेतला आणि बायकोकडे न बघता खाली टाकली.

मग कपड्यांचं निघालं. लग्नाला नवं काही घेणं शक्यच नव्हतं, म्हणून वन्संनी मदतीच्या गठ्ठ्यातून एक लाल झगा काढून ठेवला होता. जरीचं काम, चकचकीत टिकल्या. कुठल्या तरी शहरातल्या बाईनं दोनदा घालून टाकलेला असणार. कोणाच्या अंगावर जाईल याचा त्या बिचारीनं विचारही केला नसेल. वन्सं खारीला ओटीवर उभी करून टाचण्या लावू लागल्या. खांद्यातून आत घेतला, काखेतून घेतला, पाठीतून घेतला, तरी झगा अंगावरून घसरतच होता.

"आत्या, यात मी आणि करडू दोघं मावू," खार खिदळली. "आणि करडाची आईसुद्धा!"

"नीट उभी राहा. टाचणी टोचेल."

"टोचलीच! आई गं! आता जाऊ का? पत्रा पुन्हा हलतोय."

ती गेली. वन्संच्या मांडीवर झगा पडला होता, सगळीकडून टाचण्या टोचलेला. त्या शिवणकाम करणाऱ्या बाई, कोणतंही कापड कोणाच्याही अंगाला बसवणाऱ्या. पण यात आत घ्यायला आता कापडच उरलं नव्हतं. त्या नुसत्याच टाचण्या काढत नि पुन्हा लावत बसल्या.

"वन्सं," भिंगरी दाराला टेकून उभी होती, "तुमचं लग्न झालं तेव्हा तुम्ही केवढ्या होता?"

"तेराची असेन. कोणी मोजलंय?"

"आणि..." तिला पुढे विचारवेना. वन्संना मूलबाळ नव्हतं. घरात तो विषय कोणी काढत नसे. नशीब, असं म्हणून सगळे मोकळे झाले होते.

"दोन झाली," वन्सं म्हणाल्या. भाजीला काय केलं हे सांगावं तशा. "पहिला मुलगा होता. एक दिवसही जगला नाही. दुसरी मुलगी, ती पोटातच गेली. मग डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा व्हायचं नाही. अंग कोवळं होतं म्हणाले, फाटलं सगळं. मला कळलंच नाही काय फाटलं. मी आपली विचारत होते, घरी कधी सोडणार? मला आईकडे जायचंय."

गल्लीत कोणी तरी खिळे ठोकत होतं. भिंगरी हळूच खाली बसली.

"मला कधी बोलला नाहीत."

"कोणाला बोलणार? आई रडली असती. आणि तुझा नवरा तेव्हा एवढासा. त्याच्यासाठीच तर घर बांधायचं होतं. तू ज्या भिंती रोज खरवडतेस ना, त्या माझ्या लग्नातल्या. विटा माझ्या सासऱ्यानं दिल्या होत्या." वन्संनी झगा बाजूला सारला. "बाबा म्हणाले होते, पोरी, तुझ्यामुळे घर उभं राहिलं. केवढा अभिमान वाटला होता मला! वेडी कुठली."

"आणि पाणी पुन्हा शिरलंच," भिंगरी म्हणाली.

"शिरलंच."

मग वन्संना काय झालं कोण जाणे, त्या एकदम उसळल्या. "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? शब्द गेलाय. उद्या माणसं येताहेत बोलणी पक्की करायला. जा, अंगण सारवून घे!"

दुसऱ्या दिवशी माणसं आली. शाळेतल्या छावणीतून मागून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या अंगणात मांडल्या होत्या. ट्रॅक्टरवाला, त्याचा भाऊ, दोन वडीलधारे, शेजारी. भिंगरीनं चहा केला, दिला, कप उचलले, पुन्हा चहा केला, पुन्हा दिला. "वहिनी, अहो, पुरे! पुरासारखा चहा आणताय!" एक वडीलधारे म्हणाले, आणि लोक हसले. खार आत बसली होती. आतूनच करडाशी काहीबाही बोलल्याचा आवाज येत होता, कारण दार लागत नव्हतं.

"तर मग," ट्रॅक्टरवाला घसा साफ करून म्हणाला, "परवाचं धरू. उरलेलं शेत तेरवा मोकळं."

भिंगरीच्या हातात कपांची परात होती. ती तिनं जमिनीवर ठेवली.

"धरू नका," ती म्हणाली. "माझी मुलगी द्यायची नाही मला."

पहिल्यांदा कोणी ऐकलंच नाही, कारण बायका बोलणीत बोलतील अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. मग ती पुन्हा म्हणाली, अधिक मोठ्यानं.

"ती लहान आहे. तिला मूल झालं तर ती मरेल, नाही तर मूल मरेल. या घरात हे एकदा झालंय. एक मुलगी देऊन या विटा आणल्या होत्या. त्याही भिजल्या. आता दुसरी देऊन वाळू काढायची? पुढच्या पुराला कोणाला देऊ?"

ट्रॅक्टरवाल्याचा चेहरा उतरला, मग तापला. "हे आधी सुचलं नाही का? अर्धं शेत साफ करून घेतलंत, आणि आता मुलगी लहान झाली होय?"

"माझं चुकलं. मी हो म्हणायलाच नको होतं."

"चुकलं म्हणून कसं चालेल? माझं काम झालंय त्याचं काय?"

"मग वाळू परत टाका," भिंगरी म्हणाली.

ट्रॅक्टरवाला आ वासून तिच्याकडे बघत राहिला. मग काकडीवाल्याकडे वळला. "अहो, तुम्ही पुरुषमाणूस ना घरातले? बोला काही तरी!"

काकडीवाला खुर्चीवरून उठला. भिंगरीचा जीव टांगणीला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला या माणसाच्या मनातलं कळत नव्हतं. त्यानं चपला पायांत सरकवल्या. कोपऱ्यातलं फावडं उचललं.

"वाळूचा ढीग बांधाला लागून आहे," तो म्हणाला. "चला, दाखवतो. मीही लागतो हाताला."

कोणी तरी फिसकन हसलं. ट्रॅक्टरवाला ताडकन उठला, त्याची खुर्ची मागे कलंडली. "परत टाकायला डिझेल वर आलंय का माझं?" तो ओरडला. मग वन्संकडे वळला. "बाई, तुम्ही शब्द दिला होतात!" वन्संनी मान खाली घातली आणि त्या अंगणातून निघून गेल्या. धाकटा भाऊ एवढा वेळ आपल्या बोटांकडे बघत होता. दादा उठला तसा तोही उठला. दादा म्हणेल तिथे बसणारा आणि दादा म्हणेल तेव्हा उठणारा, असाच होता तो.

गावाला चघळायला विषय मिळाला. अर्धं शेत फुकटात लाटलं, बाई भलती पोचलेली निघाली, असं लोक बोलत होते आणि दारं लागत नसल्यामुळे भिंगरीला ते शब्द न् शब्द ऐकू येत होतं. खारीनं आईला एवढंच विचारलं, "मग आता बाबांना फावडं मारावं लागेल?" "हो," भिंगरी म्हणाली, "आणि मलाही, आणि तुलाही." तेव्हा पोर तोंडात आईच्या पदराचा बोळा कोंबून जी रडायला लागली ती थांबेचना. ठीक आहे म्हणाली होती तेव्हापासूनचं सगळं रडणं तिनं आत कोंडून ठेवलं होतं.

इथेच गोष्ट संपवली तर बरं वाटेल. मलाही बरं वाटलं असतं.

पण एक-दोन दिवसांनी शेतात फावडं मारता मारता भिंगरीला ट्रॅक्टरचा आवाज आला. पलीकडच्या बांधावरून, कोबीवाल्याच्या शेतातून. कोबीवाल्याकडे कुठली आलीय रोकड? ती फावडं टाकून निघाली ती थेट कोबीवाल्याच्या घरी. कोबीवाली गढूळ पाण्यात भांडी विसळत होती. तिनं मान वर केली नाही.

"या. कौतुक करून घ्यायला आलात?"

"ठमीचं ठरवलंत?"

ठमी कोबीवाल्यांची लेक, खारीच्याच शाळेतली, एक वर्ग मागे.

"तुम्ही परत पाठवलंत ते आमच्या दारात आलं," कोबीवाली म्हणाली. "मी म्हटलं ट्रॅक्टरवाल्याला, आमची तर खारीपेक्षा वर्षानं लहान आहे. तो म्हणाला, चालेल." तिच्या हातातलं पातेलं निसटलं. "तुम्ही छान बोललात अंगणात, सगळं गाव सांगतंय. तुमचं अर्धं शेत मोकळं झालंय, बाई. नाही म्हणायला पायाखाली तेवढी माती लागते. आमचं बघा जाऊन."

खरंच होतं ते. तिची पोरगी वाचली म्हणजे काय झालं? नुसता ट्रॅक्टर एका बांधावरून दुसऱ्या बांधावर गेला. ती परत जायला वळली, दोन पावलं गेली आणि पुन्हा मागे आली.

"आमचा मोकळा तुकडा आहे ना, त्यातला निम्मा तुम्ही घ्या. या हंगामाला तुमची कोबी तिथं लावा. वाळूचं आपण दोन्ही घरं मिळून बघू, जेवढी निघेल तेवढी."

"यजमानांना विचारलंत?"

"विचारीन. ते बघू म्हणतील."

"म्हणजे?"

"म्हणजे हो. माझ्यावर सोडा."

कोबीवालीनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. डोळे सुजलेले होते बिचारीचे, किती रात्री रडली होती कोण जाणे. "आणि मी नाही म्हटलं की तो थांबणार आहे का? पुढच्या घरी जाईल. तिथं कोण जाणार सांगायला?"

"मी जाणार."

दारात वन्सं उभ्या होत्या. धापा टाकत होत्या. भिंगरीला तरातरा जाताना बघून मागोमाग आल्या असाव्यात.

"खालच्या वस्तीवर अशीच दोन लग्नं ठरलीत," त्या म्हणाल्या. "एक वीटभट्टीवाल्याकडे, एक होडीवाल्याकडे. मीच जमवलीत दोन्ही. घरं मला माहीत आहेत."

"आणि काय सांगणार तिथं, वन्सं?" भिंगरीनं विचारलं. "कायदा? त्याला कोण भीक घालतंय?"

"कायदाही सांगेन, पोलीसही सांगेन. पण आधी माझं सांगेन. माझा मुलगा आणि माझी मुलगी. आजवर कोणाला सांगितलं नाही, ते त्या पोरींच्या आयांसमोर बसून सांगेन. मग म्हणावं, द्या."

कोबीवालीनं हात पदराला पुसले. उठली, आपल्या शेतात गेली आणि चालत्या ट्रॅक्टरच्या पात्यासमोर जाऊन उभी राहिली. धाकट्यानं ब्रेक लावला. तिचा नवरा धावत आला, आरडाओरडा झाला, हातवारे झाले. ती हलली नाही. ट्रॅक्टर बंद झाला तेव्हा तिनं वळून या दोघींना थांबा अशी खूण केली.

मग तिघी खालच्या वस्तीकडे निघाल्या. वीटभट्टीवाल्याच्या घरी त्यांचं काय झालं, होडीवाल्यानं त्यांना दारात उभं केलं की हाकललं, हे मी सांगत बसत नाही. सगळीकडे ऐकलं गेलं असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. मला तुम्हाला विचारायचं ते वेगळंच आहे. पुरात, दुष्काळात, आजारपणात, बाप गेल्यावर, आईचं ऑपरेशन निघाल्यावर, घाईघाईनं आणि गुपचूप ठरलेलं असं एखादं लग्न तुमच्याही कानावर आलं असेल. वन्संसारखं तुम्हालाही ते घर माहीत आहे. तिथं कोण जाणार सांगायला?